पाण्याखालचा सातबारा

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, भरतपूरला जा, कान्हाला जा, अगदी केनियाला जायचं म्हणालात तरी तिकिटं काढून देतो. पण पक्षी बघायला चार महिने नेवाशाला कोण जातं?"

प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत हा बेत सांगितला तेव्हा ज्याने त्याने आपापल्या परीने त्याचा अर्थ लावला. कुणाला वाटले, मी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला चाललो आहे. कुणाला वाटले, शनिशिंगणापूर त्याच तालुक्यात आहे, तेव्हा साडेसातीचे काहीतरी असावे. तळमजल्यावरच्या काकांनी तर जिन्यात गाठून हळूच विचारले, "घरात काही झालंय का?" माणूस पासष्टीला आला की त्याने एकतर देवाला जावे, नाहीतर डॉक्टरकडे, बदके बघायला जाऊ नये, असा आपल्याकडे साधारण संकेत आहे.

माझे कारण थोडे वेगळे होते. एका राष्ट्रीयीकृत बँकेत मी सदतीस वर्षे काढली. त्यातली तीन, १९८६ ते १९८९, नेवासा तालुक्यात शेतकी अधिकारी म्हणून. वय सव्वीस, खाली फटफटी, खांद्याला झोळी. त्या तीन वर्षांत माझ्या सहीने किती विहिरी, किती मोटारी, किती पाइपलाइनी आणि किती म्हशी या तालुक्यात आल्या याची गणती नाही. पण एकदाही मी मान वर करून आकाशाकडे बघितले नाही. पुढे बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, रात्री जागून दोन-तीन कादंबऱ्या लिहिल्या, २०२० साली निवृत्त झालो. मग दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढले आणि खिडकीसमोरच्या गुलमोहरावर रोज बसतो तो कावळा नसून कोकीळ आहे, हे पहिल्यांदा कळले. त्या नव्या डोळ्यांना पक्ष्यांचे वेड लागले. एकदा पुस्तक चाळताना एक ओळ वाचली आणि थांबलो. जायकवाडी जलाशयाला पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर केले ते साल होते १९८६. म्हणजे माझ्या टेबलापासून बारा-पंधरा किलोमीटरवर एक अभयारण्य जन्माला आले, तीन हिवाळे तिथे परदेशी पाहुणे उतरले आणि उडून गेले, आणि त्या तालुक्याचा कोपरा न् कोपरा ठाऊक असल्याचा टेंभा मिरवणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता!

ही थकबाकी वसूल करायची म्हणून २०२४च्या नोव्हेंबरात एसटीने नेवाशाला उतरलो. एका निवृत्त गुरुजींच्या माडीवरची खोली भाड्याने मिळाली. सामानात एक दुर्बीण, मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश', रक्तदाबाच्या गोळ्या आणि दोनशे पानांची एक कोरी वही.

*

नेवासा म्हटले की आपल्याला पैसाचा खांब आठवतो. १२९० साली, शके १२१२मध्ये, इथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. परंपरा असे सांगते की ही चार भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला गेली होती आणि परतताना नेवाशाला राहिली. पैठण ते नेवासा हा प्रवास आपण कीर्तनात अनेकदा ऐकलेला असतो. पण नकाशा उघडून तो कुणी बघत नाही. मी बघितला, आणि माझ्या हिवाळ्याचा सारा अर्थ त्या नकाशात सापडला.

गोदावरी नाशिककडून येते, प्रवरा भंडारदऱ्याकडून. नेवासा प्रवरेच्या काठी. तिथून पुढे प्रवरासंगमला दोन्ही नद्यांची गाठ पडते. संगमापासून खाली पैठणपर्यंत एके काळी नुसती नदी होती आणि तिच्या दोन्ही काठांना काळ्याभोर जमिनीची गावे होती. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली. १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झाले. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे, शंभर टीएमसीहून अधिक साठा. मुलूख सपाट, त्यामुळे पाणी खोल जाण्याऐवजी परातीतल्यासारखे पसरले. साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन झाकली गेली. एकनाथ महाराजांच्या नावावरून लोक त्याला नाथसागर म्हणू लागले. धरणाची भिंत पैठणला आणि फुगवट्याचे शेवटचे टोक आपल्या नेवासा तालुक्यात. ती चार भावंडे नदीच्या काठाकाठाने आली असतील, तर त्यांची ती वाट आज पाण्याखाली आहे.

मराठवाड्याच्या शेतीला आणि तिथल्या शहरांना, कारखान्यांना या पाण्याने जगवले, हे खरेच आहे. पण परात भरली तेव्हा शंभराहून अधिक गावांना झळ बसली, हेही खरे आहे. आणि तिसरी गोष्ट कुणाच्याच हिशेबात नव्हती. उथळ पाणी, मऊ गाळ आणि मध्ये मध्ये बेटे बघून हिमालयापलीकडचे पक्षी इथे मुक्कामाला येऊ लागले. आज स्थानिक आणि पाहुणे मिळून दोनशेच्या आसपास जातींची नोंद या जलाशयावर आहे.

*

पहिले तीन आठवडे माझी फजितीच झाली. २०२४चा पावसाळा चांगला झाला होता आणि धरण काठोकाठ भरले होते. माणसांना हे सुख, पण चिखलात चालून पोट भरणाऱ्या पक्ष्यांना त्याचा काय उपयोग? त्यांना लागते घोट्याएवढे पाणी. शेकाट्या, तुतारी ही मंडळी खोल पाण्यात उतरू शकत नाहीत. पाणी ओसरून गाळाचे काठ उघडे पडायला जानेवारी उजाडणार होता. रोज पहाटे एसटीने किंवा दुधाच्या टेम्पोने प्रवरासंगमला जायचे, टोक्याच्या सिद्धेश्वर मंदिराजवळून काठ धरायचा आणि रिकाम्या वहीत हवामान लिहून परतायचे, असा क्रम सुरू झाला. गुरुजींच्या सौभाग्यवतींना माझी दया येई. "आज तरी आली का तुमची पाखरं?" असे विचारून त्या ताटात भाकरी जास्त वाढीत.

पहिली हजेरी लावली ती वारकऱ्यांनी. हे पक्ष्याचे नाव आहे बरे का! काळाकुळकुळीत, कोंबडीएवढा, कपाळावर पांढरा टिळा. पाण्यावर शेकड्यांनी एकत्र तरंगणारा. मराठी माणसाने त्याला वारकरी म्हटले यात नवल काय? नेवाशाच्या पंचक्रोशीत पहिली नोंद वारकऱ्यांची व्हावी, हा योग मला फार आवडला. मग हळूहळू इतर मंडळी आली. लांब शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, शेंदरी-बदामी अंगाचे चक्रवाक. ज्या चक्रवाकाच्या विरहावर संस्कृत कवींनी इतकी शाई खर्ची घातली, तो प्रत्यक्षात जोडीने चरताना आणि भसाड्या आवाजात भांडताना दिसला. काव्य आणि निरीक्षण यांचे नेहमीच जमते असे नाही.

नावांच्या बाबतीत चितमपल्लींचे आपल्यावर मोठे ऋण आहे. सोलापूरच्या या वनाधिकाऱ्याने जंगलातल्या माणसांकडून आणि जुन्या ग्रंथांतून शब्द गोळा केले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसतीला काकागार, हे शब्द त्यांनी रुळवले. मी नेवाशात असतानाच, २०२५च्या जानेवारीत, त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गुरुजी आणि मी त्या दिवशी पेढे वाटले. त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

*

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काठावर मला एक माणूस भेटला. पंचावन्नच्या घरातला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मोटार चालू करून बांधावर बसला होता. माझ्या गळ्यातली दुर्बीण आणि हातातली वही त्याने बराच वेळ निरखली. मग उठून आला आणि जरा ताठ आवाजात म्हणाला, "साहेब, सर्वे करताय का? परत काही जाणार हाय का आमचं?"

मी गडबडीने म्हणालो, "नाही हो. मी नुसता पक्षी बघतो."

"नुसतं?"

"नुसतं."

त्याचा विश्वास बसला नाही, आणि त्याला मी दोष देणार नाही. त्या काठावर वही-दुर्बीण घेऊन आलेल्या माणसामागून आजवर काय काय आले, ते त्याला ठाऊक होते. अलीकडे नाथसागरावर तरंगता सौर प्रकल्प उभारण्याचे घाटले. त्याला मासेमार समाजाने घेतलेला आक्षेप २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन फेटाळला गेला. विजेची गरज कुणी नाकारत नाही. पण काठावरच्या माणसाला प्रत्येक नवी योजना आधी मोजणीच्या टेपच्या रूपानेच दिसते.

रोज भेटून मात्र ओळख झाली. मी त्याला तात्या म्हणू लागलो. तो सगळ्या पाणपक्ष्यांना सरसकट बदकेच म्हणे. नावाने ओळखी ती फक्त भोरड्यांना, कारण त्या थव्याने येऊन ज्वारीची कणसे फस्त करतात. जो नुकसान करतो त्याचेच नाव लक्षात राहते. आम्हा बँकवाल्यांचे तरी दुसरे काय होते? वेळेवर हप्ते भरणारा आमच्या लेखी एक खाते क्रमांक, आणि थकबाकीदाराची मात्र सात पिढ्यांची नावे पाठ!

एका पहाटे त्यानेच मला हाक मारून बोलावले. "साहेब, ही मोठी आलीत बघा. रात्री आली. आवाजानं उठलो मी."

त्याच्या हरभऱ्यात पट्टकादंब उतरले होते. राखी रंगाचे हंस, पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने दोन काळे पट्टे. मी मोजले, एकशे बारा. हात थरथरत असल्याने पुन्हा मोजले, एकशे सोळा.

हा पक्षी कुठून येतो, हे मी तात्याला सांगितले. मंगोलिया, तिबेट, लडाख इथल्या तळ्यांकाठी त्याचा जन्म. थंडी पडू लागली की तो हिमालय ओलांडतो. शास्त्रज्ञांनी अंगावर यंत्रे बसवून माग काढला तेव्हा सात हजार मीटरहून उंचावर, म्हणजे कळसूबाईच्या चौपट उंचीवर, त्याची नोंद झाली. तिथल्या विरळ हवेत आपल्याला चार पावले टाकता यायची नाहीत. याच्या रक्ताला प्राणवायू धरून ठेवायची जास्त ताकद असते. शिवाय तो बहुधा रात्री किंवा पहाटे डोंगर ओलांडतो, कारण तेव्हा हवा थंड आणि दाट असते, पंखांना आधार मिळतो.

तात्याने सगळे शांतपणे ऐकले. मग म्हणाला, "एवढं हिमालय ओलांडून आली, ती माझा हरभरा खायला?"

मी निरुत्तर. १९७२च्या वन्यजीव कायद्याने या पक्ष्याला हात लावता येत नाही, हे मला माहीत होते, त्यालाही माहीत होते. त्याने नुसते टाळ्या वाजवून थवा उठवला. हंस आवाज करीत उठले, पाण्यावर एक फेरी मारून दुसऱ्याच्या हरभऱ्यात उतरले. तात्या हसला. "रोज पाळी बदलतेत. न्यायानं खातेत म्हणायची."

*

ओळख वाढली तशी एक दिवस चहा पिताना मी बोलून गेलो की ऐंशीच्या दशकात मी इथेच बँकेत होतो. तात्याचा कप तोंडाशी थांबला. त्याने माझ्याकडे नीट बघितले.

"सत्त्याऐंशी साली?"

"हो."

"मंग तुम्हीच. मी वडलांबरोबर आलो होतो. मोटारीच्या कर्जाला. बाहेर बाकड्यावर बसलो होतो मी, सतरा वर्षांचा."

मला आठवेना. खोटे कशाला सांगू? दिवसाला वीस-पंचवीस माणसे येत. पण त्याने सांगायला सुरुवात केली आणि हकीकत माझ्याच शाईत लिहिलेली असल्यासारखी उघडत गेली.

त्याच्या वडिलांची जमीन आणि घर दोन्ही नाथसागरात गेले होते. नव्या गावठाणात घराची जागा मिळाली, मोबदला मिळाला. तो किती आणि कसा संपला हे धरणग्रस्तांच्या कुठल्याही घरात विचारा, गोष्ट सारखीच असते. मग दर वर्षी पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळावर ते पेरू लागले. याला गाळपेर म्हणतात. पाटबंधारे खाते ही जमीन वर्षाच्या कराराने कसायला देते. पाणी मागे सरेल तसे शेतकरी पुढे सरकतो, आणि पाणी येईल तसा मागे येतो. पुष्कळदा हा गाळ त्याच्याच जुन्या शेतावर साचलेला असतो. म्हणजे माणूस स्वतःच्याच जमिनीवर सरकारचा भाडेकरू!

त्याच्या वडिलांना पाणी उपसायला मोटार हवी होती. मी सातबारा मागितला. त्यांनी जुना, पिवळा पडलेला उतारा काढून दाखवला. त्यावरची जमीन पाण्याखाली होती, संपादित झालेली होती. कागदाला बँकेच्या लेखी किंमत नव्हती. वर्षाच्या करारावर पाच वर्षांचे कर्ज देता येत नाही, असा नियम होता. मी तो समजावून सांगितला. आणि माझे मन तसे निर्दय नसल्यामुळे एक पर्याय सुचवला. तेव्हा गरिबांसाठी एकात्मिक ग्रामीण विकास योजना जोरात होती, अनुदान होते, आमच्यावर उद्दिष्टाचा दट्ट्या होता. मी म्हणालो, "शेळ्या घ्या. लगेच मंजूर करतो."

"वडील काय म्हणाले आठवतं का तुम्हाला?" तात्याने विचारले.

मी मान हलवली.

"काईच नाही म्हणाले. उतारा घडी करून खिशात ठेवला आन् उठले. बाहेर येऊन मला म्हणाले, चल, साहेबांनी आपल्याला शेळक्या केलं."

चहा गार झाला. मी काय बोलणार होतो? नियम माझे नव्हते, पण आवाज माझा होता. "मग मोटार?" एवढेच विचारले.

"आईच्या पाटल्या गेल्या. आली मोटार." मग माझा चेहरा बघून तोच समजूत घालू लागला. "तुम्ही कागद बघितला साहेब. कागदावर जे नव्हतं ते तुम्हाला कुठून दिसणार?"

या वाक्यात टोमणा असता तर मला बरे वाटले असते. नव्हता.

*

त्या रात्री झोप लागली नाही. माडीवर फेऱ्या मारताना आणखी एक हिशेब डोक्यात आला. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर झाले, ते सोलापूर आणि नगर जिल्ह्यांच्या अनेक तालुक्यांवर पसरलेले होते आणि त्यात नेवाशाचेही नाव होते. पुढे २०१२ साली त्याचे क्षेत्र खूप कमी करण्यात आले. म्हणजे मी ज्या माळांवर विहिरी आणि सपाटीकरणाची कर्जे वाटत हिंडत होतो, तो कागदोपत्री माळढोकाचा मुलूख होता. मीटरभर उंचीचा, माळावर सावकाश चालणारा तो भारदस्त पक्षी मी कधी पाहिला नाही, आणि आता महाराष्ट्रात तो दिसणे जवळपास संपलेच आहे. मुळा धरणाचे कालवे आले, ऊस आला, कारखाने आले. माळ हिरवा झाला आणि माळाचा पक्षी गेला. उसाच्या आडोशाने बिबट्या आला आणि संध्याकाळी मुलांना अंगणातून आत घ्यावे लागू लागले. शेतकऱ्याच्या घरात त्या उसाने चार पैसे आले, मुले शिकली, हेही मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. एकाच सहीने दोन्ही गोष्टी केल्या. जमा आणि नावे अशा दोन बाजूंची खतावणी आयुष्यभर सांभाळली, पण ही दुसरी बाजू कधी लिहिलीच गेली नव्हती.

जानेवारीत बायको आठ दिवसांसाठी आली. तिला पक्ष्यांत फारसा रस नाही; पैसाच्या खांबाचे दर्शन आणि मोहिनीराजाचे मंदिर हा तिचा कार्यक्रम. पण एका सकाळी माझ्याबरोबर काठावर आली. पाणी आता बरेच ओसरले होते. दूर उथळात रोहित पक्ष्यांची गुलाबी-पांढरी रांग उभी होती. मी दुर्बीण लावून मोजायला लागलो. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस... ती म्हणाली, "तुम्ही मोजता फार आणि बघता कमी."

मी वही मिटली. मग दोघे तासभर नुसते बघत बसलो. रोहित डोके उलटे करून चोच पाण्यात घालतो आणि पायांनी गाळ ढवळत पुढे सरकतो. बायको म्हणाली, "भाताची लावणी करतायत जणू." आम्ही दोघे कोकणातले. डोंबिवलीत चाळीस वर्षे राहून अजून 'घरी जातो' म्हणजे गावाला जातो असेच म्हणतो, आणि गावच्या घराला तर कुलूप आहे. मला त्या दिवशी प्रश्न पडला तो असा: पक्ष्याचे घर कोणते म्हणायचे? जिथे अंड्यातून बाहेर आला ते, की जिथे पोट भरायला दर वर्षी येतो ते? पुस्तके विणीच्या जागेला घर मानतात. पण हंस जन्मगावी जितके महिने असतो, जवळजवळ तितकेच परमुलखात आणि प्रवासात काढतो. त्याला विचारले तर तो बहुधा दोन्ही घरे सांगेल. दोन्ही शाबूत असली तरच तो जगतो. एक गेले तर दुसरे पुरत नाही.

तात्याच्या वडिलांना दुसरे घर मिळाले होते. पण पहिल्याची वाट राहिली नव्हती.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका पहाटे काठावर गेलो तेव्हा हंस नव्हते. रात्रीतून उठून गेले होते. चिखलात पावलांचे ठसे आणि विष्ठा तेवढी होती. गुरुजींच्या सौभाग्यवतींनी विचारले, "गेली का पाखरं?" आणि मी हो म्हटल्यावर त्या घरातली लेक सासरी गेल्यासारख्या गप्प झाल्या.

मीही बांधाबांध केली. निघायच्या आदल्या दिवशी तात्या म्हणाला, "चला, एक दाखवतो." काठावरून आम्ही गाळात उतरलो. वरचा थर वाळून भेगाळला होता, खाली अजून ओल होती. चपला हातात घेतल्या. पाचशे पावलांवर तो थांबला. २०१६ आणि २०१९च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्यापर्यंत गेले, तेव्हा जुन्या गावाची जोती उघडी पडली होती, असे त्याने सांगितले. वडील २०१६ साली होते. त्यांना आधार देऊन इथपर्यंत आणले होते. त्यांनी हाताने बांध दाखवला होता, विहीर दाखवली होती. विहीर गाळाने बुजलेली होती. पुढच्याच वर्षी ते वारले.

"ह्या दगडापासून त्या बाभळीच्या खुंटापर्यंत आमचं," तात्या म्हणाला. "आता इथं कडवळ आन् काकडी करायची."

त्या तुकड्यात तेव्हा तुतारी पक्षी चरत होते. चिमणीहून थोडे मोठे, सारखी शेपटी हलवणारे. सैबेरियापर्यंत जाणारी ही जात. हेही आठ-पंधरा दिवसांत उठतील. आम्हाला बघून ते दहा पावले बाजूला झाले आणि पुन्हा गाळात चोच मारू लागले. तात्याने त्यांना हुसकले नाही.

मी वही काढली. हंगामातले शेवटचे पान. तारीख लिहिली, तुतारी नऊ, धोबी चार, शेकाटे सहा. तात्या वाकून बघत होता.

"जागा कोणती लिहिता?"

"नाथसागर, उजवा काठ."

तो थोडा थांबला. "सर्वे नंबर लिहाल का आमचा? पाठ हाय मला. वडलांनी पाठ करून घेतला होता."

त्याने नंबर सांगितला, हिस्सा सांगितला, आकार सांगितला. एकर-गुंठ्यांत क्षेत्र सांगितले. चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावे सांगितली. मी एकेक अक्षर नीट विचारून घेतले, पक्ष्यांच्या यादीच्या वर, जागेच्या रकान्यात लिहिले आणि त्याला वाचून दाखवले. सदतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो उतारे तपासले असतील. हा एकच मी स्वतःच्या हाताने लिहिला. खाली सवयीने सहीही केली.